लाखो वर्षांचा जन्म एका छायाचित्रात कसा?

प्रश्न : तारा तयार व्हायला लाखो वर्षं लागतात, असं आपण शिकतो. दुर्बिणीला जेमतेम चारशे वर्षं झाली आणि जेम्स वेब दुर्बीण तर अगदी अलीकडची. तरीही ‘ताऱ्याचा जन्म टिपला’, ‘ग्रह घडताना दिसला’ अशा बातम्या येतात. यात प्रत्यक्ष पाहिलेलं किती आणि तर्क किती?

उत्तर : शंका अगदी रास्त आहे. एका ताऱ्याचा जन्म सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणीही पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही. सूर्यासारखा तारा मेघातून आकाराला येऊन स्थिर तेवू लागेपर्यंत सुमारे पाच कोटी वर्षं जातात. पण आकाशात निरनिराळ्या वयांचे तारे एकाच वेळी हजर असतात. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने १७८९ मध्येच आकाशाला बागेची उपमा दिली होती. बागेत एकच फेरी मारली तरी अंकुर, बहरलेलं झाड आणि वठलेलं खोड अशी सगळी दिसतात, आणि त्यांवरून झाडाचं आयुष्य जुळवता येतं. म्हणजे क्रम लावणं हा तर्क आहे, पण त्यातला एकेक टप्पा प्रत्यक्ष पाहिलेला असतो.

अडचण होती ती सगळ्यांत कोवळ्या टप्प्याची. नवा तारा घडतो तो दाट, थंड धुळीच्या पोटात, आणि ही धूळ दृश्य प्रकाश अडवते. अवरक्त किरणांची तरंगलांबी जास्त असल्याने ते तिच्यातून बरेचसे आरपार येतात. शिवाय कोमट धूळ स्वतःच अवरक्तात उजळते. मात्र आपल्या हवेतली वाफ हे किरण मोठ्या प्रमाणावर शोषून घेते. म्हणूनच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी एक मीटर व्यासाची दुर्बीण हैदराबादहून बलूनला बांधून उंच आकाशात पाठवली आणि ताऱ्यांच्या जन्मस्थानांची निरीक्षणं घेतली. हे काम आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं, ते माहीत असायला हवं.

दुर्बीण गरम असेल तर तीही अवरक्तात चमकते. ते टाळण्यासाठी २५ डिसेंबर २०२१ रोजी निघालेली वेब दुर्बीण पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, पाच पदरी पडद्याच्या सावलीत ठेवली आहे. तिचं एक उपकरण तर उणे २६६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावं लागतं. तिने २०२२ मध्ये वृषभ राशीतल्या एल१५२७ या जेमतेम एक लाख वर्षं वयाच्या ताऱ्याचं चित्र घेतलं. त्यात तारा दिसतच नाही. दिसतात दोन बाजूंना पसरलेले उजळ पोकळ भाग आणि मधोमध एक काळी रेघ. ती रेघ म्हणजे ताऱ्याभोवतीची, कडेने दिसणारी तबकडी. पुढे ग्रह घडतील ते अशाच तबकडीत.

सगळंच काही स्थिर चित्रांवर अवलंबून नाही. जन्माच्या काळात काही गोष्टी माणसाच्या हयातीतही बदलतात. मृग नक्षत्राच्या परिसरातला एफयू ओरायनिस हा तरुण तारा १९३६ मध्ये काही महिन्यांत सुमारे शंभरपट उजळला, कारण तबकडीतला माल एकदम त्याच्यावर कोसळला. नवजात ताऱ्यांतून सुटणाऱ्या झोतांची हबल अवकाश दुर्बिणीने चौदा वर्षांच्या अंतरात घेतलेली छायाचित्रं ओळीने लावून खगोलशास्त्रज्ञ पॅट्रिक हार्टिगन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये चलच्चित्रं तयार केली. त्यांत वायूचे गोळे पुढे सरकताना, एकमेकांवर आदळताना उघड दिसतात. इथे तर्काला फारशी जागाच उरत नाही.

ग्रहांच्या बाबतीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते २०२५ मध्ये जाहीर झालेलं हॉप्स-३१५ या बालताऱ्याचं निरीक्षण. तो सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवर आहे. वेबला त्याच्या तबकडीत सिलिकॉन मोनॉक्साइड वायूही सापडला आणि सिलिकेटचे स्फटिकही. म्हणजे तापलेला वायू निवून त्याचे पहिले घन कण होत असतानाच आपण तिथे पाहतो आहोत. आपल्या सूर्यमालेचं सुमारे ४५७ कोटी वर्षांचं वय मोजलं जातं ते उल्कापाषाणांत अडकून राहिलेल्या अशाच पहिल्या कणांवरून. आपल्याकडे जे दगडात उरलं, ते तिथे आज घडतं आहे.

पुढचा टप्पा पीडीएस ७० या तरुण ताऱ्याभोवती दिसतो. चिलीतल्या जमिनीवरच्या दुर्बिणींनी तिथे तबकडीच्या मोकळ्या पट्ट्यात दोन ग्रह दाखवले आणि २०२३ मध्ये वेबला तबकडीच्या आतल्या भागात पाण्याची वाफ आढळली.

तेव्हा ‘जन्म टिपला’ असं वाचाल तेव्हा ‘जन्माचा एक टप्पा टिपला’ असं समजा, म्हणजे बातमी खरीच ठरेल. आणि थंडीत रात्री मृग नक्षत्रातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला द्विनेत्री जरूर लावा. तिथला धुरकट ठिपका म्हणजे सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ, आणि त्यात आज तारे घडत आहेत.