पिल्लाचे जंत परत का येतात?

समजा तुमच्या घरी महिन्याभराचे एक पिल्लू आले आहे. त्याचे नाव तुम्ही मोत्या ठेवले. मोत्या खायला हावरट, पण अंगावर मांस नाही. केस राठ, मधूनमधून खोकला, आणि पोट मात्र नगाऱ्यासारखे फुगलेले. एके दिवशी त्याच्या शौचातून शेवयांसारखे पांढरट जंत पडतात. तुम्ही जंतांचे औषध आणून पाजता. दुसऱ्या दिवशी आणखी काही जंत पडतात आणि घरातल्या सगळ्यांना हायसे वाटते. पण तीन आठवडे जातात न जातात तोच पुन्हा तेच जंत आणि पुन्हा तेच फुगलेले पोट!

मग घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणते, औषधच नकली असणार. कोणी म्हणते, त्याला गूळपोळी चारली, गोडाने जंत झाले. वास्तविक गुळापासून जंत होत नाहीत. जंत हा जंताच्याच अंड्यातून जन्माला येतो. आणि औषधानेही बहुधा आपले काम चोख केलेले असते. मग हे नवे जंत आले कोठून? ते समजण्यासाठी आपल्याला या जंताचा जन्मापासूनचा प्रवास पाहिला पाहिजे.

अंड्यापासून जंतापर्यंत

पिल्लांमध्ये नेहमी आढळणारा हा जंत म्हणजे कुत्र्याचा गोलकृमी. त्याचे शास्त्रीय नाव टॉक्सोकॅरा कॅनिस. पूर्ण वाढलेली मादी १८ सेंटिमीटरपर्यंत लांब असू शकते. हे जंत लहान आतड्यात राहतात आणि तेथील अन्नरसावर जगतात. एक मादी दिवसाला एक लाखाच्या आसपास अंडी घालते. म्हणजे मोत्याच्या पोटात अशा दहाच माद्या असल्या, तरी रोज सुमारे दहा लाख अंडी त्याच्या शौचाबरोबर अंगणात पडणार.

ही अंडी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ताजे अंडे निरुपद्रवी असते. उबदार व ओलसर मातीत दोन ते चार आठवडे गेले की त्याच्या आत अळी तयार होते आणि मगच ते बाधक बनते. अंड्याचे कवच मोठे चिवट असते. त्यामुळे मातीत ते कित्येक महिने, कधी कधी काही वर्षेही टिकून राहते. फिनेल शिंपडून ते मरत नाही.

आता मोत्याने माती चाटली आणि असे एक अंडे त्याच्या पोटात गेले. आतड्यात अंडे फुटते व अळी बाहेर पडते. तुम्हाला वाटेल, ती तेथेच राहून मोठी होत असेल. पण तसे होत नाही. ती आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते. तेथून यकृतात, मग हृदयातून फुप्फुसांत जाते. फुप्फुसांतून ती श्वासनलिकेने वर चढत घशापर्यंत येते. पिल्लू खोकते आणि घशात आलेली अळी गिळते. अशा रीतीने जेथून निघाली त्या आतड्यात ती परत येते व तेथे पूर्ण वाढते. अंडे पोटात गेल्यापासून नवी मादी स्वतः अंडी घालू लागेपर्यंत चार ते पाच आठवडे जातात. मोत्याच्या खोकल्याचे एक कारण आता तुमच्या लक्षात आले असेल.

माणसाच्या गोलकृमीचा प्रवासही असाच असतो. १९२२ साली कोइनो या जपानी वैद्यकीय संशोधकाने याची खात्री करून घेण्यासाठी मानवी गोलकृमीची सुमारे २,००० पक्व अंडी स्वतः गिळली. काही दिवसांतच त्यांना न्यूमोनियासारखा त्रास सुरू झाला व त्यांच्या थुंकीत अळ्या सापडल्या. पुढे औषध घेतल्यावर त्यांच्या पोटातून सहाशेहून अधिक जंत पडले. हा प्रयोग जिवावर बेतणारा होता. त्याचे अनुकरण कोणी कधीही करू नये!

आईच्या शरीरातील साठा

पण मोत्या तर अवघ्या महिन्याचा आहे. मातीतल्या अंड्यापासून एवढे मोठे जंत तयार व्हायला त्याला वेळ तरी कोठे मिळाला? येथे या जंताची खरी करामत दिसते.

मोठ्या कुत्रीच्या पोटात ही अंडी गेली, तर बहुतेक अळ्या घशाकडे न येता तिच्या स्नायूंत व इतर अवयवांत जाऊन बसतात. तेथे त्या वाढत नाहीत आणि मरतही नाहीत; नुसत्या सुप्त पडून राहतात. कुत्री गाभण राहिली की गर्भारपणाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात या अळ्या जाग्या होतात, वारेतून पलीकडे जातात आणि गर्भातील पिल्लांच्या यकृतात शिरतात. काही अळ्या पुढे दुधातूनही पिल्लांना मिळतात. पिल्लू जन्मले की त्याच्या यकृतातल्या अळ्या फुप्फुसांकडे निघतात आणि ते तीन-चार आठवड्यांचे होईपर्यंत आतड्यात अंडी घालणारे जंत तयार झालेले असतात. कुत्री वरून धडधाकट दिसत असली, तिच्या शौचात एकही अंडे नसले, तरी तिची पिल्ले जंत घेऊनच जन्माला येऊ शकतात.

औषध कोठपर्यंत पोहोचते?

पिल्लांना नेहमी दिले जाणारे एक औषध म्हणजे पायरँटेल. गोलकृमीला आतड्याला चिकटून राहण्यासाठी काही साधन नसते. अन्नाच्या प्रवाहाविरुद्ध तो सतत पोहत राहतो, म्हणूनच टिकतो. पायरँटेलमुळे त्याचे स्नायू आखडतात, त्याला पोहता येत नाही आणि तो शौचाबरोबर वाहून जातो. बाहेर पडलेला जंत कधी कधी वळवळतानाही दिसतो. ते पाहून औषध वाया गेले असे समजू नका. जंत बाहेर आला हाच त्याचा परिणाम.

हे औषध आतड्यातून रक्तात फारच थोडे शोषले जाते. पिल्लासाठी ही चांगली गोष्ट आहे, कारण त्याच्या शरीराला त्याचा उपद्रव कमी होतो. पण याचाच दुसरा अर्थ असा, की त्या दिवशी यकृतात किंवा फुप्फुसांत प्रवास करणाऱ्या अळ्यांना औषधाचा स्पर्शही होत नाही. औषधाचा अंमल ओसरला की त्या आतड्यात येऊन पोहोचतात. तीन आठवड्यांनी मोत्याच्या पोटातून पडलेले जंत हेच!

म्हणून पिल्लाला दोन आठवड्यांचे असल्यापासून दर दोन आठवड्यांनी औषध देतात. दूध सुटेपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ हा क्रम ठेवून पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला एक मात्रा देतात. दोनच आठवड्यांचे अंतर का? नव्याने आतड्यात आलेले जंत अंडी घालू लागण्याआधीच पुढची मात्रा त्यांना गाठते म्हणून. त्याच वेळी पिल्लांच्या आईलाही औषध द्यावे लागते.

आपल्या देशात २०१५ साली राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला आणि शाळाशाळांतून मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाऊ लागली. माणसाचे जंत वेगळे. पण तेथेही गोळी एकदाच देऊन भागत नाही, कारण बाधा मातीतून पुन्हा होऊ शकते.

रक्त पिणारा अंकुशकृमी

पिल्लांच्या जिवाला अधिक धोका असतो तो अंकुशकृमीचा. हा जंत जेमतेम एक-दोन सेंटिमीटर लांब असतो, पण त्याच्या तोंडात दातांच्या तीन जोड्या असतात. आतड्याच्या अस्तराला चावा घेऊन तो रक्त पितो. एक जंत दिवसाला सुमारे ०.१ मिलिलिटर रक्त वाया घालवतो असे धरू. मोत्याचे वजन २ किलो असेल, तर त्याच्या अंगात साधारण १६० मिलिलिटर रक्त असणार. शंभर जंत असले तर रोज १० मिलिलिटर, म्हणजे सोळा दिवसांत सगळ्या रक्ताइतके रक्त! शरीर नवे रक्त तयार करत असते खरे, पण ते पुरे पडत नाही. हिरड्या पांढुरक्या पडतात, शौच डांबरासारखे काळे होते, पिल्लू निपचित पडते. अशा वेळी घरगुती उपाय करत न बसता त्याला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. लसूण तर मुळीच देऊ नये. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. आधीच रक्त कमी असलेल्या पिल्लाचे त्याने आणखी नुकसान होते.

अंकुशकृमीच्या अळ्या आईच्या दुधातून पिल्लाला मिळतात, तशाच ओल्या मातीतून त्याच्या कातडीतूनही आत शिरतात. याही अळ्या शरीरात सुप्त राहतात आणि आतड्यातले जंत औषधाने काढले की त्यांची जागा घेतात.

तरीही जंत हटत नसतील तर

नेमाने औषध देऊनही जंत दिसत राहिले, तर पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्या लागतात.

पहिली, मात्रा. पिल्लू झपाट्याने वाढते. चौथ्या आठवड्यात १.२ किलो असलेले पिल्लू आठव्या आठवड्यात २.४ किलोचे झाले, तर जुनी मात्रा निम्मीच ठरते. म्हणून दर वेळी वजन करावे आणि मात्रा पशुवैद्याकडून ठरवून घ्यावी.

दुसरी, जंताची जात. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, तर तो पट्टकृमी असतो. त्याच्यावर पायरँटेल चालत नाही, प्राझिक्वांटेल लागते. शिवाय हा जंत पिसू गिळल्याने होतो. पिसवा कायम असतील, तर जंतही कायम राहणार.

तिसरी, औषधाला दाद न देणारे जंत. २०१९ साली अमेरिकेतील संशोधकांनी एकाहून अधिक औषधांना दाद न देणारे कुत्र्यांचे अंकुशकृमी आढळल्याचे प्रसिद्ध केले. हे ओळखण्यासाठी औषधापूर्वी आणि नंतर सुमारे चौदा दिवसांनी शौचातील अंडी मोजतात. नुकत्याच आतड्यात आलेल्या अळ्या तोवर सहसा अंडी घालू लागलेल्या नसतात. म्हणून तेव्हाही अंडी भरपूर दिसली, तर जुनेच जंत औषधाला पुरून उरले असा संशय घेता येतो.

मिठाच्या पाण्यातील अंडे

शौचातील अदृश्य अंडी शोधतात कशी? याचे तत्त्व तुम्हाला स्वयंपाकघरात पाहता येईल. पेल्यातील साध्या पाण्यात कोंबडीचे ताजे अंडे सोडा. ते बुडेल. आता पाण्यात मीठ विरघळवत जा. एका क्षणी अंडे वर येऊन तरंगू लागेल. जंतांच्या अंड्यांची घनता पाण्यापेक्षा थोडीशीच जास्त, १.०६ ते १.०९ च्या आसपास असते; मिठाच्या संपृक्त द्रावणाची सुमारे १.२०. त्यामुळे द्रावणात शौच कालवले की अंडी पृष्ठभागावर येतात. ती काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. शौचाची तपासणी मात्र प्रयोगशाळेतच व्हावी. घरी करू नये.

अंगण आणि आपले हात

या साऱ्याचा संबंध तुमच्याशीही आहे. १९५० साली अमेरिकेत हेलेनॉर वाइल्डर यांनी, अर्बुद असावे अशा समजुतीने काढलेले मुलांचे डोळे तपासले. त्यांतील कित्येक डोळ्यांत त्यांना सूत्रकृमीच्या अळ्या आढळल्या. पुढे १९५२ साली पॉल बीव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या शरीरात फिरणाऱ्या अळ्या कुत्र्याच्या गोलकृमीच्या असल्याचे दाखवून दिले. माणसाच्या शरीरात ही अळी पूर्ण वाढत नाही, भरकटत राहते. डोळ्यापर्यंत पोहोचण्याचे प्रकार क्वचित घडतात, पण घडले तर दृष्टी जाऊ शकते.

म्हणून मोत्याला घराबाहेर काढायचे का? मुळीच नाही. अंडे बाधक व्हायला निदान दोन आठवडे लागतात, हे आठवा. शौच रोजच्या रोज उचलले, तर अंड्यांना तेवढी सवडच मिळत नाही. बसण्याची जागा कोरडी आणि उन्हातली ठेवली, तर अंकुशकृमीच्या अळ्या वाळून मरतात. मातीत खेळल्यावर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत व अंगणात अनवाणी फिरू नये. आणि मोत्याच्या औषधाच्या तारखा दिनदर्शिकेवर मांडून ठेवाव्यात. जंतांचे वेळापत्रक ठरलेले आहे. आपलेही तितकेच पक्के हवे.

विचार करा

१. औषधापूर्वी एक ग्रॅम शौचात १,२०० अंडी होती व चौदा दिवसांनी ६० राहिली. अंडी किती टक्क्यांनी घटली? ६० ऐवजी ६०० राहिली असती, तर तुम्ही काय निष्कर्ष काढला असता?
२. शौच आठवड्यातून एकदाच उचलले, तर गोलकृमी आणि अंकुशकृमी यांपैकी कोणाचा धोका अधिक राहील? अंकुशकृमीच्या अळ्या उबदार, ओल्या मातीत सुमारे आठवड्याभरात बाधक होतात, हे ध्यानात घ्या.
३. पिल्लांना औषध दिले, पण त्यांच्या आईला दिले नाही. पुढे काय होईल?