गव्हाचा चीक आणि पिष्टभक्षक सूक्ष्मजंतू

निफाड तालुक्यातील सायखेडा व आसपासच्या गोदाकाठच्या गावांत नवा गहू घरात आला की कुरडयांचे दिवस सुरू होतात. पुष्कळदा एकाच गव्हाच्या दोन घाण्यांपैकी एकीचा चीक घट्ट हाटला जातो, तर दुसरीचा पातेल्यात पातळ पडतो. पातळ चिकाच्या कुरडया सोऱ्यातून नीट पडत नाहीत व वाळल्यावर मोडतात. गहू, जळण आणि श्रम वाया जातात. याचे मूळ बहुधा भिजवणीच्या भांड्यात असते.

भिजवणीत काय घडते?

गहू पाण्यात पडताच दाण्यावरील सूक्ष्मजंतू वाढू लागतात. त्यांतील काही दुग्धाम्ल तयार करतात. या आंबटपणामुळे दाणा मऊ होतो, चिकटा सैल पडतो आणि पिष्ट मोकळे होते. हे जंतू आपले मदतनीस होत. मात्र काही जंतू, विशेषतः बॅसिलस वर्गातील, पिष्ट तोडणारा पाचक रस सोडतात. त्यास अमायलेज असे म्हणतात. पिष्टाची लांब साखळी तुटून तिचे लहान तुकडे व साखर होते.

पिष्ट तोडण्याची ही क्रिया आशिया खंडात मुद्दाम उपयोगात आणली जाते. नेपाळ व दार्जिलिंगकडील मर्चा आणि मणिपूरची हमेई या तांदळाच्या वड्या आंबवणाचे विरजण म्हणून वापरतात. त्यांत बुरशी, किण्व व जिवाणू एकत्र नांदतात. अशा चिनी विरजणातील पिष्ट फोडणाऱ्या बुरशीचे वर्णन आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1892 साली केले. तेथे पिष्टाची साखर व्हावी हाच हेतू असतो. कुरडईत मात्र पिष्टच हवे असते. म्हणून तेथील मित्र तो येथील शत्रू ठरतो.

चीक पातेल्यातच का बिघडतो?

कच्च्या पिष्टाचे कण टणक असल्याने अमायलेज त्यांवर सावकाश चालते. सुमारे 60 अंश सेल्सिअस उष्णतेला कण फुगून फुटू लागतात. बॅसिलसचे अमायलेज त्याहून अधिक उष्णतेतही काही काळ टिकते. त्या अवधीत ते मोकळ्या पिष्टावर झपाट्याने काम करते आणि चीक पातळ होतो. अवकाळी पावसाने शेतातच मोड आलेल्या गव्हाचा चीकही याच कारणाने बिघडतो, कारण मोडात अमायलेज असते.

घ्यावयाची काळजी

1. मोड आलेला, किडका वा काळवंडलेला गहू निवडून काढावा.
2. गहू स्वच्छ धुऊन पिण्याच्या पाण्यात भिजवावा व भांडे सावलीत ठेवावे.
3. पाणी रोज बदलावे. कडक उन्हाळ्यात दिवसातून दोनदा बदलावे.
4. तीन दिवसांचा नियम डोळे मिटून पाळू नये. दाणा चिमटीत दाबताच पांढरे दूध सुटले व साल वेगळी झाली की भिजवण पुरी झाली असे समजावे.
5. वाटलेला चीक रात्रभर निवळू द्यावा. सकाळी वरचे पाणी ओतून तो लगेच हाटावा.
6. सौम्य आंबट वास योग्य होय. कुजका वास, तार वा गुलाबी-काळा रंग दिसल्यास तो चीक टाकून द्यावा.
7. बॅसिलसची बीजे उकळूनही मरत नाहीत. म्हणून शिजलेला चीक रात्रभर तसाच ठेवू नये आणि कुरडया कडकडीत वाळवूनच डब्यात भराव्यात.

प्रात्यक्षिक

ग्रामसेवकांनी महिला मंडळात पुढील प्रयोग करून दाखवावा. थोडा चीक भरपूर पाण्यात पातळ शिजवून कोमट करावा व दोन पेल्यांत घ्यावा. एका पेल्यात मोड आलेल्या गव्हाचे वाटण चमचाभर मिसळावे. दोन तासांनी दोन्ही थंड करून प्रत्येकात आयोडीनचा एकेक थेंब टाकावा. साधा पेला गर्द निळा होईल. दुसऱ्यात निळा रंग फिका वा तांबूस दिसेल. पिष्ट कोठे गेले हे भगिनींना डोळ्यांनी दिसेल. प्रयोगातील चीक खाण्यात वापरू नये.

आंबवणे ही कला खरीच. पण ती कोठे थांबवावी हे ओळखण्यातच चांगल्या कुरडईचे यश आहे.