जपानी ताब्यातील नोटांचा संग्रह : अनुभवाचे बोल

दुसऱ्या महायुद्धात जपानने जिंकलेल्या प्रदेशांत चालवलेल्या नोटा आजही बाजारात मुबलक मिळतात. त्या स्वस्त आहेत, दिसायला देखण्या आहेत आणि प्रत्येक नोटेमागे युद्धाची एखादी गोष्ट सांगता येते. या तीन गोष्टींमुळेच नवख्या संग्राहकाची इथे वारंवार फसगत होते. विक्रेता गोष्ट सांगतो, घेणारा गोष्टीचे पैसे मोजतो आणि हातात येते ती शे-दोनशे रुपयांत कुठेही मिळणारी नोट.

8 डिसेंबर 1941 रोजी जपानी फौजा मलायात उतरल्या. जानेवारी 1942 मध्ये मनिला, फेब्रुवारीत सिंगापूर आणि मार्चमध्ये रंगून व जावा त्यांच्या हाती गेले. या प्रदेशांसाठीच्या नोटा जपानमध्ये आधीच छापून तयार होत्या. ब्रह्मदेशात रुपया, मलायात डॉलर, फिलिपाइन्समध्ये पेसो आणि डच ईस्ट इंडीजमध्ये गिल्डर अशी तिथली रुळलेली चलननावेच त्यांवर ठेवली होती. लोकांना बदल जाणवू नये हा हेतू उघड होता. फौजेला लागणारा तांदूळ, रबर आणि मजुरांची मजुरी या कागदावर भागवली गेली. त्यामागे सोने नव्हते, कर्जरोखे नव्हते, छापण्याला मर्यादाही नव्हती. मलायात 1942 मध्ये 10 डॉलरची नोट मोठी समजली जाई. 1944 मध्ये 100 डॉलरची आणि 1945 मध्ये 1000 डॉलरची नोट काढावी लागली. 10 डॉलरच्या नोटेवर केळीचे झाड होते, म्हणून लोक या पैशाला ‘बनाना मनी’ म्हणू लागले. फिलिपाइन्समध्ये त्याला ‘मिकी माउस मनी’ हे नाव पडले. युद्ध संपताच हा सगळा पैसा रद्द झाला. ज्यांनी कष्टाच्या मोबदल्यात तो साठवला होता त्यांच्याकडे गठ्ठ्यांच्या गठ्ठे पडून राहिले. आज बाजारात दिसणाऱ्या कोऱ्या करकरीत नोटांचा उगम बराचसा या गठ्ठ्यांत आहे. हा इतिहास ठाऊक असलेला माणूस ‘ऐंशी वर्षांची जुनी नोट’ एवढ्या शब्दांवर भुलत नाही. नोट जुनी आहे म्हणजे ती दुर्मीळ आहे असे नाही.

नोट ओळखण्याची सुरुवात अक्षरांपासून करावी. दर्शनी बाजूला तांबड्या किंवा काळ्या शाईत दोन-तीन रोमन अक्षरे असतात. त्यांतले पहिले अक्षर प्रदेश सांगते. बी म्हणजे ब्रह्मदेश, एम म्हणजे मलाया, पी म्हणजे फिलिपाइन्स, एस म्हणजे डच ईस्ट इंडीज आणि ओ म्हणजे न्यू गिनीच्या आसपासची बेटे. पुढची अक्षरे छपाईचा गट दाखवतात. सुरुवातीच्या काही नोटांवर या अक्षरांसोबत अनुक्रमांकही असे. महागाई भडकल्यावर अनेक नोटांवर तो घालण्याची तसदी कोणी घेतली नाही. मलायाच्या 5 आणि 10 डॉलरच्या अनुक्रमांक असलेल्या नोटांना म्हणूनच जास्त भाव येतो.

ब्रह्मदेशाची 10 रुपयांची नोट भारतीय संग्राहकाला सहज मिळते, तेव्हा अभ्यास तिच्यापासूनच करावा. तिच्यावर बँकेचे नाव नाही, कोणाची सही नाही, सालही नाही. इंग्रजीत जपान सरकारचे नाव आणि रक्कम देण्याचे वचन आहे, देवळाचे चित्र आहे आणि जपानी लिपीतला तांबडा शिक्का आहे. नोट उजेडासमोर धरावी आणि मग भिंगाखाली घ्यावी. या मालिकांतल्या काही नोटांच्या कागदात रेशमी तंतू असतात, काहींत नसतात, आणि मूल्यसूचीत या दोन प्रकारांची नोंद वेगळी असते. काही कागदांत फुलाच्या आकाराचे जलचिन्हही दिसते. आजच्या यंत्रावर छापलेल्या नकलेत भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी दिसते. अस्सल छपाईत रेषा सलग असते. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की बऱ्याच नकला दुरूनच ओळखू येतात.

खरा धोका मात्र पूर्ण नकली नोटेपेक्षा अस्सल नोटेवर मारलेल्या नकली शिक्क्यात असतो. फिलिपाइन्सच्या जपानी नोटांवर अमेरिकी बाजूने प्रचाराचा मजकूर छापून त्या जपानी ताब्यातल्या भागात टाकल्या होत्या. जपानच्या ‘सहसमृद्धी क्षेत्रा’ची किंमत काय, असा प्रश्न त्यावर होता. अशा अस्सल नोटांना मागणी असल्यामुळे साध्या नोटांवर रबरी शिक्क्याने तोच मजकूर उमटवून त्या अनेक पटींनी महाग विकल्या जातात. ‘नमुना’ अशा अर्थाच्या शिक्क्यांचेही तसेच. शिक्क्याची शाई घडीच्या भेगेत उतरलेली दिसली, तर नोट आधी वापरली गेली आणि शिक्का नंतर बसला हे उघड आहे. मूळ छपाईबरोबरच पडायला हवा होता असा शिक्का या अवस्थेत दिसला की व्यवहार तिथेच थांबवावा.

भारतीय संग्राहकाने ब्रह्मदेशाचीच दुसरी मालिका विशेष जपून घ्यावी. 1937 मध्ये ब्रह्मदेश भारतापासून वेगळा झाला, तरी जपानी ताब्याचा काळ सोडता एप्रिल 1947 पर्यंत तिथले चलन भारताची रिझर्व्ह बँकच सांभाळत होती. ब्रिटिश फौजा 1945 मध्ये परतल्यावर सहाव्या जॉर्जच्या भारतीय नोटांवर ब्रह्मदेशच्या लष्करी प्रशासनाचा आणि ‘फक्त ब्रह्मदेशात ग्राह्य’ अशा अर्थाचा तांबडा इंग्रजी मजकूर छापून त्या तिथे चालवल्या गेल्या. यांपैकी काहींवर रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांची सही आहे. मराठी संग्राहकाला ती हवीशी वाटते हे स्वाभाविकच आहे. पण बिनशिक्क्याची भारतीय नोट आणि शिक्क्याची नोट यांच्या भावांत मोठी तफावत असल्याने इथेही शिक्का नंतर मारण्याचा मोह बनावटखोरांना होतो. अक्षरांची उंची, ओळींतले अंतर आणि शाईची छटा अस्सल नमुन्याशी ताडून पाहिल्याशिवाय अशी नोट घेऊ नये. नुसत्या छायाचित्रावरून तर मुळीच नाही.

आझाद हिंद बँकेच्या नावाने विकल्या जाणाऱ्या नोटांबाबत याहून कठोर राहावे लागते. ही बँक एप्रिल 1944 मध्ये रंगूनला स्थापन झाली हे खरे. नेताजींबद्दलचा आदर आपल्याकडे घराघरात आहे आणि त्या आदराचाच बाजार मांडला जातो. नेताजींचे चित्र असलेल्या, चकचकीत कागदावरच्या, लाखांच्या रकमा मिरवणाऱ्या अशा पुष्कळ नोटा नंतरच्या काळात छापलेल्या आहेत. जिचा मागचा प्रवास कागदोपत्री दाखवता येत नाही, अशा नोटेला आठवणीची वस्तू यापलीकडे किंमत देऊ नये.

घरातल्या जुन्या पेटीत अशा नोटा सापडल्या की त्या कुठे तरी वटतील अशी आशा धरली जाते. ती सोडून द्यावी. फिलिपाइन्समध्ये नोटधारकांची एक संघटना 1950 च्या दशकात याच आशेवर उभी राहिली. लोकांनी आपल्या नोटा तिच्याकडे नोंदवल्या आणि त्यांवर तिचे शिक्के बसले, पण पैसे मिळाले नाहीत. हाँगकाँगच्या नोटधारकांचा दावाही टोकियोच्या न्यायालयाने 1999 मध्ये फेटाळला. फिलिपाइन्सच्या त्या शिक्क्यांच्या नोटा आज स्वतंत्रपणे जमवल्या जातात, आणि त्या जमवण्यासारख्या आहेतही. फसलेल्या माणसांच्या आशेचा इतका थेट पुरावा दुसऱ्या कागदावर क्वचितच मिळतो.

नोटेचा भाव तिच्या अवस्थेवर ठरतो. घडी, टाचणीचे भोक, कोपऱ्याची झीज, पेनाने लिहिलेला आकडा या सगळ्यांनी तो उतरतो. म्हणून काही विक्रेते नोट धुऊन, इस्त्री करून कोरी म्हणून खपवतात. धुतलेल्या नोटेचा रंग फिका पडतो, कागद लुळा होतो आणि छपाईचा उठाव बोटाला जाणवत नाही. मुबलक मिळणारी नोट कोरीच घ्यावी, कारण तीही स्वस्त असते. दुर्मीळ नोट मात्र मळकी मिळाली तरी सोडू नये. ती स्वतः साफ करण्याचा खटाटोप तर कधीच करू नये. फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावू नये आणि नोट लॅमिनेट करू नये. या दोन्ही उपायांनी झालेले नुकसान भरून येत नाही.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत नोटेवर बुरशीचे डाग पडतात आणि कसर लागते. साधे पीव्हीसीचे पाकीट कालांतराने चिकट होते व शाई ओढून घेते. पॉलिएस्टरची, म्हणजे मायलरची पाकिटे थोडी महाग पडली तरी तीच घ्यावीत. अल्बम बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नये, सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पावसाळा संपल्यावर प्रत्येक पान उघडून पाहावे. प्रत्येक नोटेची नोंद वेगळ्या वहीत करावी. प्रदेश, रक्कम, गटाची अक्षरे, कागदाचा प्रकार, कोणाकडून आणि कितीला घेतली हे सगळे तिथे असावे. विक्रेत्याने सांगितलेली गोष्टही लिहून ठेवावी, पण ती त्याच्या नावाने लिहावी आणि पुरावा मिळेपर्यंत नोटेच्या वर्णनात मिसळू नये.