सातबारा नसलेला शेतकरी



2020 च्या एप्रिल महिन्यात आम्ही अक्कलकुवा तालुक्यातल्या डोंगरातल्या एका पाड्यावर धान्य घेऊन गेलो होतो. टाळेबंदी लागून तीन आठवडे झाले होते. पिशव्या वाटून झाल्या, लोक पांगले, पण एक काका मागे थांबले. जवळ आले आणि म्हणाले, “भाऊ, शेतकऱ्याच्या खात्यात दोन हजार येणार असं सगळे बोलतात. मी कोणाकडे नोकरीला नाही, कोणाचा सालदार नाही. माझं मीच पेरतो, मीच कापतो. मग मी शेतकरी नाही का?”

मी म्हणालो, “काका, तुमच्याकडे सातबारा नाही ना. तुमचा वनहक्काचा पट्टा आहे. त्याला ते पैसे नाहीत.”

ते “बरं” म्हणाले आणि पिशवी डोक्यावर घेऊन चढणीला लागले.

हे उत्तर मी कोणताही नियम न वाचता, कोणाला न विचारता दिलं होतं. म्हणून या अंकातल्या अभ्यासासाठी हाच प्रश्न घेतला आहे. स्वतःची शेती स्वतः करणारा माणूस, ज्याला मालक नाही आणि पगारपत्रकही नाही, तो साथीच्या काळातल्या सरकारी मदतीत बसतो का? आपल्या मंडळ्यांतले पुष्कळ जण धान्यासाठी, औषधासाठी प्रेमाने देणगी देतात. सरकार देतं ते नेमकं कोणापर्यंत पोहोचतं, हेही त्यांना ठाऊक असावं.

आधी त्या काकांचं नुकसान काय झालं ते पाहू. एप्रिलमध्ये आमच्या सातपुड्यातलं कोरडवाहू शेत रिकामंच असतं. ज्वारी, मका, तूर घरात येऊन गेलेली असते आणि पुढची पेरणी पाऊस पडल्यावर. त्यामुळे ‘पीक बुडालं’ असं कोणी म्हणत नव्हतं. बुडालं ते निराळंच. डोंगरातल्या शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा येतो तो गुजरातमधल्या ऊसतोडीचा आणि बांधकामाचा, मोहफुलांचा आणि धडगाव भागात आमचुराचा. त्या वर्षी होळी 9 मार्चला होती. सणाला माणसं घरी आली, काही परत कामावर गेली आणि 25 मार्चपासून सगळं बंद. मोह पडायचा हंगाम तोच, कैरी कापून वाळवायचा हंगामही तोच, आणि आठवडे बाजार मात्र भरेना. माल घरात पडून, मजुरी बंद. हा माणूस शेतकरी, मजूर आणि वनउपज गोळा करणारा असा तिन्ही आहे, पण सरकारी यादीत त्याला कुठल्या तरी एकाच नावाने उभं राहावं लागतं.

26 मार्च 2020 ला केंद्र सरकारने प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं. त्यात शिधापत्रिकेवर माणशी 5 किलो जादा धान्य होतं, महिलांच्या जनधन खात्यात तीन महिने 500 रुपये होते आणि शेतकऱ्यांसाठी पीएम-किसानचे 2,000 रुपये होते. या शेवटच्या रकमेबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ती नवी मदत नव्हती. पीएम-किसान ही 2019 मध्ये सुरू झालेली योजना, वर्षाला 6,000 रुपये, तीन हप्त्यांत. त्या वर्षाचा पहिला हप्ता एप्रिलच्या सुरुवातीलाच दिला, इतकंच. म्हणजे ज्याचं नाव साथीच्या आधी यादीत होतं त्याला पैसे आले. साथीमुळे कोणी नव्याने पात्र ठरला नाही.

आणि यादीत नाव यायची अट कोणती? शेतीत राबणं नव्हे, तर लागवडीखालची जमीन कुटुंबाच्या नावावर असणं, तीही 1 फेब्रुवारी 2019 रोजीच्या नोंदीप्रमाणे. दुसऱ्याचं शेत बटाईने करणारा आयुष्यभर नांगर धरत असला तरी या योजनेत शेतकरी नाही. उलट जमीन नावावर आहे पण पेरणी दुसराच करतो, असा मालक चालतो, फक्त तो आयकर भरणारा किंवा चांगलं निवृत्तिवेतन घेणारा नसावा.

परदेशात काय झालं, असं आपल्या एका देणगीदार ताईंनी विचारलं होतं. त्यांचे नातलग कॅनडात आहेत. तिथे त्या वर्षी आणीबाणीचा भत्ता होता, चार आठवड्यांना 2,000 डॉलर. स्वतःचा धंदा करणारे आणि शेतकरी दोघेही त्यात बसत होते. अट अशी की 2019 मध्ये किंवा अर्जाआधीच्या बारा महिन्यांत निदान 5,000 डॉलर कमाई झालेली असावी आणि साथीमुळे काम थांबलेलं असावं. तिथेही घोळ झालाच. कमाई म्हणजे एकूण विक्री की खर्च वजा जाता उरलेला नफा, हे अनेकांना कळलं नव्हतं. शेतकऱ्याच्या बाबतीत तर या दोन आकड्यांत केवढा फरक पडतो! काहींना पैसे परत करा अशी पत्रं गेली. शेवटी फेब्रुवारी 2021 मध्ये तिथल्या सरकारने एकूण विक्री धरून अर्ज केलेल्यांना, बाकीच्या अटी पूर्ण होत असतील तर, परतफेड माफ केली.

तिथे ‘तुझं किती गेलं’ असं विचारता आलं, कारण शेतकरीही दरवर्षी कराचं विवरण भरतो. आपल्याकडे शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे. त्यामुळे गरीब शेतकऱ्याची कमाई किती होती आणि किती घटली, हे सांगणारा एकही सरकारी कागद नाही. मग सरकार दुसरा कागद मागतं, जमिनीचा. आमच्या डोंगरात घोडं अडतं ते तिथेच. आजोबांपासून कसलेली जमीन वनखात्याच्या नोंदीत, म्हणून सातबारा नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला 4 हेक्टरपर्यंत हक्क दिला. पट्टा नवराबायको दोघांच्या नावे होतो, वारसाला मिळतो, पण विकता येत नाही. तोही जमिनीचाच कागद आहे. फक्त त्याला ‘सातबारा’ म्हणत नाहीत.

राज्य सरकारने मात्र दुसऱ्या दारातून मदत दिली. खावटी म्हणजे पावसाळ्यात घरातलं धान्य संपतं तेव्हा खायला मिळणारा आधार. 1978 पासून आदिवासींना खावटी कर्ज मिळत असे, अर्धं धान्यरूपात. 2013-14 नंतर ते बंद पडलं होतं. के. सी. पाडवी, आमच्या अक्कलकुव्याचेच आमदार, तेव्हा आदिवासी विकास मंत्री होते. सप्टेंबर 2020 मध्ये शासनाने खावटी एका वर्षासाठी पुन्हा सुरू केली, आणि या वेळी कर्ज म्हणून नव्हे तर पूर्ण अनुदान म्हणून. कुटुंबाला 4,000 रुपये: 2,000 खात्यात आणि 2,000 चं सामान, म्हणजे मटकी, चवळी, हरभरा, तूरडाळ, तेल, मीठ, मिरची, साखर, चहा. राज्यभरात 11 लाख 55 हजार कुटुंबं धरली होती. आश्रमशाळांचे शिक्षक पाड्यापाड्यावर फिरून अर्ज भरत होते. अनेक गावांत सामान पोहोचेपर्यंत 2021 चा पावसाळा उजाडला, हेही खरं. भूक आदल्या वर्षीची होती.

त्या काकांच्या उतारावर तीन शेतं लागून आहेत. खावटीच्या वेळी मी तिथेच होतो, म्हणून सांगतो. काकांकडे वैयक्तिक वनहक्काचा पट्टा होता आणि पट्टेधारक हा खावटीचा एक गट होताच. ते बसले. खालच्या शेतातल्या मावशी विधवा. जमिनीचा कागद नसतानाही गरजू विधवा म्हणून त्यांचं नाव लागलं. मधल्या शेताचा दादा दोघांपेक्षा जास्त राबणारा, पण त्याचा वनहक्काचा दावा नामंजूर झालेला. त्याच्यासाठी एक वाट होती: 1 एप्रिल 2019 ते 31 मार्च 2020 मध्ये रोजगार हमीवर एक दिवस तरी काम केल्याची नोंद. बांधबंदिस्तीवर तो गेला होता, पण जॉबकार्ड आणि हजेरी दोन्ही वडिलांच्या नावे. वडील वेगळं कुटुंब धरले गेले. त्यांना मिळालं, याला नाही. माती एक, पाऊस एक, उत्तरं तीन.

गुजरातेत बांधकामावर जाणाऱ्यांचंही असंच. महाराष्ट्रात नोंदीत बांधकाम कामगारांना त्या एप्रिलमध्ये 2,000 रुपये मिळाले, पण आपल्या लोकांनी इमारती उभ्या केल्या त्या सुरतेत. इथल्या मंडळाकडे त्यांची नोंद कुठून असणार?

म्हणून आता आम्ही पाड्यावर गेलो की तांदळाच्या आधी कागद विचारतो. स्वतःचं जॉबकार्ड आहे का, लग्न झालेल्या मुलाने ते वेगळं काढलं का, आधार कोणत्या खात्याला जोडलंय, पट्टा असेल तर तो पत्र्याच्या पेटीत आहे की छपरात खोचलाय. उंदरांनी कुरतडलेले दोन पट्टे मी स्वतः पाहिले आहेत. दावा नामंजूर झालेल्यांना सांगतो की लेखी निर्णय मागा, कारण तो मिळाल्यापासून 60 दिवसांत वर दाद मागता येते. जिल्हास्तरीय समितीनेच नाकारलं तर पुढे काही नव्हतं, पण मे 2020 मधल्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रात विभागीय समितीकडे जाण्याची वाट उघडली. टाळेबंदीच्या गडबडीत ती बातमी आमच्यापर्यंत फार उशिरा आली. मधल्या शेताच्या दादाची फाइल आता त्या वाटेवर आहे.

काकांचं मात्र माझ्या मनाला लागून राहिलं होतं. दोन वर्षांनी दुसऱ्याच कोणाचा पीएम-किसानचा अर्ज भरायला मी तालुक्याच्या सेवा केंद्रात बसलो होतो. अर्जात जमिनीच्या माहितीपाशी वनहक्काच्या नोंदीचा रकाना दिसला. मी भरणाऱ्या मुलाला विचारलं, “हे कोणासाठी?” तो म्हणाला, “सर, पट्टेवाल्यांसाठी. चालतो ना पट्टा.”

दुसऱ्या दिवशी काकांना घेऊन गेलो. पट्टा, आधार, पासबुक. काही आठवड्यांनी नाव मंजूर झालं आणि हप्ता आला. 2023 मध्ये राज्याने नमो शेतकरी महासन्मान निधीतून वर्षाला आणखी 6,000 सुरू केले. ते पीएम-किसानच्याच यादीवर असल्याने तेही काकांना वेगळा अर्ज न करता येऊ लागले.

पहिला हप्ता जमा झाला त्या दिवशी त्यांनी पासबुक माझ्यासमोर धरून विचारलं, “भाऊ, मधल्या दोन वर्षांचे कधी येतील?”

नाव नोंदलं तिथून पुढचेच हप्ते मिळतात, मागचे मिळत नाहीत. दोन वर्षांचे 12,000 रुपये होत होते. मी त्यांना तसं सांगितलं, आणि ते माझ्या त्या दिवशीच्या उत्तरामुळे गेले हेही सांगितलं. त्यांनी पासबुक घडी करून खिशात ठेवलं आणि मधल्या शेताच्या दादाच्या फाइलचं काय झालं, ते विचारलं.