नवशिक्याची ढाबळ

इंजिनीअरिंग कॉलेजच्या मासिकात कबुतरांवर लेख कशाला, असे तुम्ही म्हणाल. आमच्या ग्रुपनेही तेच म्हटले. पण गेल्या दोन वर्षांत फर्स्ट इयरच्या काही जणांनी आणि आमच्या पेठेतल्या शाळकरी पोरांनी मला एकच प्रश्न इतक्या वेळा विचारला आहे, की उत्तर एकदाचे लिहूनच काढावे म्हटले. प्रश्न असा : "दादा, रेसची कबुतरं पाळायचीत. सुरुवात कुठनं करू?"

आधी एक घोटाळा दूर करू. आपल्या कोल्हापुरात कबुतरांचा नाद जुना आहे, पण त्यातला बराचसा उंच उडणाऱ्या कबुतरांचा. ते कबुतर आपल्याच छतावर घिरट्या घालते आणि किती तास हवेत राहिले यावर त्याची किंमत ठरते. मी सांगतोय ते होमरबद्दल. होमरला पेटीत घालून दूर नेऊन सोडायचे आणि ते घरी किती वेगाने परतते ते मोजायचे. हा खेळ वाढला बेल्जियममध्ये. आपल्याकडे चेन्नई, बंगळूर इकडे त्याचे चांगले क्लब आहेत. 2020 साली बेल्जियममधली 'न्यू किम' नावाची मादी लिलावात 16 लाख युरोंना गेली. ही बातमी वाचून जे माझ्याकडे आले ते महिन्याभरात गेलेसुद्धा. त्यांच्यासाठी हा लेख नाही.

मला जे दिसले ते असे. नवा पोरगा पहिल्या वर्षातच नाद सोडतो, आणि याचे कारण बहुतेक वेळा तो नसतो, त्याला कबुतरे देणारा असतो. जुना माणूस ढाबळीत गर्दी झाली की नको असलेली कबुतरे काढतो आणि पोराच्या हातात ठेवतो, वर "जा, मजा कर" म्हणतो. पोरगा खूश. आठ दिवसांनी बाहेर सोडली की सगळी कबुतरे सरळ देणाऱ्याच्या छतावर! होमरच ते. ज्या छतावरून ते पहिल्यांदा उडायला शिकले तेच त्याचे घर. पोराला वाटते आपल्यालाच जमत नाही. खरे तर तिथे कुणालाच जमले नसते.

म्हणून कुणी कबुतर देऊ केले तर पहिला प्रश्न विचारायचा : हे बाहेर उडालंय का? उडाले असेल तर ते फक्त जोडी लावून पिल्ले काढायला, कायम बंद ठेवून. उडवायला हवीत 25 ते 30 दिवसांची पिल्ले, स्वतः दाणे टिपायला लागलेली पण आभाळ न पाहिलेली. सहा पुरेत. वीस घेतलीत तर एकाचाही स्वभाव कळणार नाही आणि सबमिशनच्या आठवड्यात घाण काढता काढता जीव जाईल. आणि देणाऱ्यांना माझे सांगणे, द्यायचे तर चांगल्या जोडीचे पिल्लू द्या. एकच द्या, पण तुम्ही स्वतः उडवले असते असे द्या. मला शिकवणाऱ्या मामांनी पहिल्या वर्षी मला दोनच पिल्ले दिली, पण महिनाभर रोज संध्याकाळी येऊन बसायचे. दोन पिल्लांपेक्षा ते बसणे जास्त किमतीचे होते हे आता कळते.

त्याच्याही आधी घरच्यांची परवानगी. लपूनछपून गच्चीवर पाळायचे धंदे करू नका. कबुतरांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने काही माणसांच्या फुफ्फुसांना कायमचा त्रास होतो, हे खरे आहे. 2025 साली मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद हायकोर्टापर्यंत गेला तो याच कारणाने. घरात कुणाला दमा असेल तर हा नाद नकोच, असे मी पोराला तोंडावर सांगतो. बाकीच्यांनी मास्क लावून, पाणी शिंपडून, रोज साफ करायचे. कोरडी विष्ठा खराट्याने उडवायची नाही. सहा फूट बाय चार फुटांची ढाबळ, हवा खेळती, पाऊस आत न येणारी, आणि जाळी अशी की मांजराचा पंजा आत जाणार नाही. एवढे झाले की पुरे, सजावट नंतर.

खाणे एका कबुतराला दिवसाला साधारण 30 ग्रॅम. मका, गहू, ज्वारी, वाटाणा, हरभरा असे मिसळून. सोबत शिंपल्याचा चुरा आणि विटेची बारीक कच, कारण कबुतराला दात नाहीत, पोटातल्या खड्यांनीच ते दळते. पण किती घालायचे यापेक्षा कधी घालायचे हे महत्त्वाचे. उडून आत आल्यावर, आणि दर वेळी तीच शिट्टी वाजवून किंवा डबा हलवून. पोट भरलेले कबुतर तुमचे ऐकत नाही. आमच्या वर्गातल्या डबा खाल्लेल्या पोरांसारखेच ते.

पिल्ले पहिले काही दिवस ढाबळीसमोरच्या फळीवर जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायची. त्यांना आजूबाजूची घरे, टाकी, झाडे नुसती बघू द्यायची. मग एका संध्याकाळी, उपाशी असताना, दार उघडायचे आणि आपण गप्प बसायचे. हुसकायचे नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. पुढे काही आठवड्यांनी ती थव्याने अर्धा-पाऊण तास दिसेनाशी होऊन परत येऊ लागली की टॉस सुरू करायचे. आम्ही पुण्याच्या दिशेने जातो. आधी शिरोली, मग किणी, मग पेठ नाका, मग कऱ्हाड. दिशा एकच ठेवायची, अंतर हळूहळू वाढवायचे आणि स्वच्छ ऊन असताना सकाळीच सोडायचे. ऊन का, तर कबुतर सूर्याचा होकायंत्रासारखा उपयोग करते. ढगाळ दिवशी ते चुंबकीय क्षेत्रावर काम भागवत असावे, असे अमेरिकेतल्या विल्यम कीटन यांनी 1971 साली कबुतरांच्या पाठीला चुंबक बांधून दाखवले. वासाचाही वाटा आहे असे इटालियन संशोधक म्हणतात. वाद अजून मिटलेला नाही. मला सगळ्यात आवडतो तो ऑक्सफर्डवाल्यांचा 2004 चा शोध. त्यांनी कबुतरांवर जीपीएस बसवला, तर ओळखीच्या भागात ती चक्क रस्त्यावरून रस्त्यावरून जातात आणि चौकात वळतात असे दिसले! हायवेकडेने टॉस द्यायला मामांनी सांगितले होते ते ऑक्सफर्ड न वाचता.

आता मुख्य गोष्ट, जी शिकवणारे बहुतेक टाळतात. कबुतरे हरवतात. ससाणा नेतो, शिक्रा नेतो, विजेच्या तारा कापतात, काही नुसतीच येत नाहीत. हे पोराला पहिल्या टॉसच्या आधी सांगायचे, नंतर नाही.

आमच्या गल्लीत आठवीतला एक मुलगा आहे. त्याची पाच पिल्ले शिरोलीहून दोनदा नीट आली होती. माझी ओरल्स चालू असताना त्याने काकांच्या मोटारसायकलवरून ती किणीला नेली, अंतर सुमारे 20 किलोमीटर. चार आली. पाचवे, त्याचे लाडके निळे, आले नाही. पोरगा जेवला नाही. वडील म्हणाले, "विकून टाक सगळी, नाहीतरी पुढं दहावी आहे." त्याच्या आईने मला बोलावणे धाडले.

अशा वेळी लोक दुसरे पिल्लू आणून देतात. मी दिले नाही. तीन दिवस ट्रॅप उघडा ठेव, पाणी ठेव, एवढे सांगितले आणि त्याची वही मागितली. माझ्याकडे शिकायचे तर वही ठेवावीच लागते : रोज कोण किती खाल्ले, विष्ठा कशी, कोण किती वाजता आत आले. त्याने स्वतःच पाने उलटली. निळ्याने आधीचे दोन दिवस दाणे ठेवले होते आणि विष्ठा हिरवी, पातळ. त्याच्याच अक्षरात लिहिलेले होते. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, हे आजारी होतं. मी लिहिलं, पण वाचलं नाही." निळे परत आलेच नाही. वडिलांना मी ती वही दाखवली. त्यांनी दोन-तीन पाने वाचली, गणिताच्या वहीपेक्षा ही बरी आहे म्हणाले, आणि विकायचा विषय निघाला नाही.

वहीतून गणित येतेच. पिल्लू साधारण सात दिवसांचे असताना त्याच्या पायात वर्ष आणि नंबराची अखंड रिंग घालतात, नंतर पाय मोठा झाला की ती निघत नाही. शर्यतीत आधी कोण आले ते बघत नाहीत, वेग बघतात, कारण प्रत्येकाची ढाबळ वेगळ्या अंतरावर. समजा साताऱ्याहून सोडली. एक ढाबळ 109.4 किलोमीटरवर, कबुतर 95 मिनिटांत आले, वेग मिनिटाला 1151.58 मीटर. दुसरी 113.6 किलोमीटरवर, 98 मिनिटे, वेग 1159.18. म्हणजे तीन मिनिटे उशिरा आलेले जिंकले! अंतर हवाई मोजायचे, रस्त्याचे नाही. मोबाईलवर दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेतले की काम होते. त्या आठवीतल्या पोराला अपूर्णांकांचा भागाकार मी असाच शिकवला. मोठ्या क्लबांत आता पायातली चिप फळीवरच वेळ नोंदवते. आम्ही तिघे-चौघे अजून घड्याळ आणि एकमेकांवरच्या विश्वासावर भागवतो, त्यामुळे भांडणेही होतात.

सध्या त्याच्या चारांपैकी तीन पेठ नाक्याहून येतात. चौथ्याला पीस झडतीमुळे विश्रांती आहे, हा निर्णय त्याचाच. कऱ्हाडचा टॉस माझी सेमिस्टर संपल्यावर पहिल्या रविवारी. ज्यांना बघायचे असेल त्यांनी सकाळी आठच्या आत आमच्या गच्चीवर यावे. मास्क आणावा, आणि कबुतरे फळीवर उतरेपर्यंत टाळ्या वाजवू नयेत.