बारीक नळीचें रसायन

ता. 26 मे 2016 रोजीं डोंबिवलींतील एका रासायनिक कारखान्यांत भयंकर स्फोट झाला. आणि 23 मे 2024 रोजीं त्याच औद्योगिक वसाहतींत पुनः तसाच प्रसंग ओढवला. दोन्ही वेळीं माणसें प्राणांस मुकलीं व आसपासच्या घरांच्या कांचा फुटल्या. ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील कित्येक कुटुंबांची भाकरी अशाच कारखान्यांवर अवलंबून आहे. तेव्हां रसायनें तर हवींत, पण संकट नको, हें कसें साधावें, हा प्रश्न आपल्या घरचाच आहे. त्याचें एक उत्तर आज पाहूं.

प्रथम उष्णतेचा विचार करूं. कढत चहा पातेल्यांत बराच वेळ गरम राहतो. बशींत ओतला म्हणजे लागलीच निवतो. कारण, थोड्या चहास पुष्कळ पृष्ठभाग मिळतो. एक मीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग 6 चौरस मीटर भरतो. त्याच घनाचे एक मिलिमीटर बाजूचे तुकडे केले, तर एकंदर पृष्ठभाग 6,000 चौरस मीटर होतो! पुष्कळ रासायनिक क्रियांत उष्णता उत्पन्न होते. मोठ्या भांड्यांत तिला बाहेर पडण्यास वाट थोडी. ती सांचते, तिच्यामुळें क्रियेचा वेग वाढतो, आणि वेगामुळें उष्णता आणखी वाढते. हा फेरा हाताबाहेर गेला कीं अनर्थ होतो. म्हणून शास्त्रज्ञांनीं मोठ्या भांड्याऐवजीं मिलिमीटरहूनहि अरुंद नळी योजिली. तिला मायक्रोरिॲक्टर म्हणतात. एका टोकानें कच्चा माल आंत जातो, दुसऱ्या टोकानें तयार पदार्थ बाहेर येतो; कोणत्याहि क्षणीं आंत असतो तो अगदीं थोडा.

आतां दुसरी युक्ति. लग्न जुळविणारा मध्यस्थ दोन घरें एकत्र आणतो व स्वतः होता तसाच राहतो. उत्प्रेरकाचें कामहि तसेंच. वनस्पति तूप करतांना तेलाचा हायड्रोजनशीं संयोग व्हावा म्हणून निकेल धातूची बारीक पूड घालतात. परंतु मागाहून ती गाळून काढावी लागते. पॅलेडियम हा उत्प्रेरक तर फार महाग, आणि औषधांत त्याचा अंश राहूं देणें बरें नव्हे. ह्यावर उपाय बहुवारिकाचा. लहान रेणू सांखळीच्या कड्यांप्रमाणें जोडून झालेला प्रचंड रेणू तो बहुवारिक. प्लास्टिक हें त्याचें नित्याचें उदाहरण. त्यांत धातूचे कण अडकविले म्हणजे दाव्याला बांधलेल्या गाईप्रमाणें ते जागेवर राहतात. द्रव पुढें जातो, धातु मागें राहतो, व पुनः पुनः उपयोगीं पडतो.

2004 सालीं जपानांत शू कोबायाशी व त्यांचे सहकारी ह्यांनीं ह्या दोन्ही युक्त्या एकत्र केल्या. कांचेंत कोरलेल्या अरुंद नळीच्या भिंतींस त्यांनीं बहुवारिकांत बंदिस्त केलेलें पॅलेडियम चिकटविलें. द्रव भिंतीलगत वाहिला, हायड्रोजन मधून गेला, आणि क्रिया कांहीं मिनिटांत पुरी झाली. आपल्याकडेहि पुणें येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत डॉ. अमोल कुलकर्णी ह्यांनीं अशा नळ्यांतील वाहत्या क्रियांवर काम केलें असून, 2020 सालचें शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक त्यांस मिळालें.

परंतु ह्या नळीस मर्यादा आहेत. घन कण तींत अडकून ती तुंबते. धातूचा कांहीं अंश कालांतरानें सुटून वाहून जातो. आणि माल अधिक हवा असल्यास अनेक नळ्या शेजारीं शेजारीं बसवाव्या लागतात. शिवाय गोदामांतील सांठ्याची राखण नळी करीत नाहीं. ती माणसाच्या दक्षतेनेंच होते. तरीहि एक तत्त्व ह्यांतून शिकण्यासारखें आहे: भांड्याच्या भिंती जाड करण्यापेक्षां भांडेंच लहान करणें पुष्कळदां शहाणपणाचें ठरतें.

मुलांनो, उद्यां सकाळीं वडील बशींत चहा ओततील, तेव्हां ही गोष्ट त्यांस समजावून सांगा.