आधी दोन आठवडे वही लिहा

‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ पालकसभेत हे ऐकून आलेले आईबाप त्याच संध्याकाळी मोबाइल काढून घेतात, शिकवणी लावतात, कधी दोन फटकेही देतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, यातलं काहीही करण्याआधी दोन आठवडे वही लिहा.

मूल कधी भरकटलं, काय करताना, किती मिनिटांनी, आदल्या रात्री किती झोपलं होतं, एवढंच टिपायचं. फक्त वाचताना, लिहितानाच टाळाटाळ दिसली तर अडचण लक्षाची नसून अक्षरं लागण्याची असू शकते. चित्रं काढत तासभर बसतं म्हणजे सगळं ठीक, असंही समजू नका. लक्षाची खरी अडचण असलेली मुलंही आवडीच्या गोष्टीत रमतात. कंटाळवाण्या कामाकडे मन वळवणं त्यांना जमत नाही.

मग वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. डोळे, कान आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. मूल रात्री घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल तर तेही सांगा, कारण तुटक झोपेचं मूल दिवसा पेंगण्याऐवजी उलट जास्त चुळबुळ करतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. आपल्या घरांत अकराला दिवे मालवतात आणि सकाळच्या शाळेची रिक्षा साडेसहाला येते, हा हिशेब जुळत नाही. मूल मध्येच काही सेकंद शून्यात बघत असेल आणि खांद्याला हात लावूनही भानावर येत नसेल, तर ती फिट असू शकते. तिथे वेळ घालवू नका.

हे सगळं नीट असूनही तक्रार सहा महिन्यांहून जास्त टिकली, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसली, सुरुवात बाराव्या वर्षाआधीची असली, तर एडीएचडी या लक्षाच्या विकाराची तपासणी बालमानसोपचारतज्ज्ञांकडून करून घ्या. मुलींच्या बाबतीत विशेष जागरूक राहा. त्या धिंगाणा घालत नाहीत, खिडकीबाहेर बघत गप्प बसतात आणि ‘वेंधळी’ ठरून वर्षानुवर्षं राहून जातात.

निदान होवो न होवो, घरी आजपासून करता येईल ते असं. स्वयंपाकघरातून ओरडून तीन कामं सांगू नका. जवळ जा, नावाने हाक मारा, नजर मिळाली की एकच काम सांगा. अभ्यास भिंतीकडे तोंड करून, समोर काट्यांचं घड्याळ, टेबलावर एकच वही. दहा मिनिटांपासून सुरुवात करा, मग पाच मिनिटं उठून पाणी, उड्या, काहीही. जमेल तसं हळूहळू वाढवा. कौतुक तिथल्या तिथे करा. परीक्षेनंतर मिळणारी सायकल अशा मुलाला फार लांबची वाटते. बाईंना भेटून पहिल्या बाकावर, दारापासून दूर जागा मागून घ्या.

डॉक्टरांनी औषध सुचवलं तर घाबरून नाकारू नका आणि शेजारच्यांच्या सांगण्यावरून बंदही करू नका. भूक मंदावली, झोप उडाली तर तसं डॉक्टरांना कळवा.

जवळपास तज्ज्ञ नसेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.